आत्याच्या गाडीवरचा भजीपाव

आमच्या घरी दिवाळीचा सण नसतो, पण दिवाळीची सुट्टी असते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक. परभणी जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आमचे घर आहे. विजयादशमीला धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा झाला, सहामाही परीक्षेचे पेपर तपासून झाले, की आमच्या घरात एकच टुमणे सुरू होते, "बाबा, रबाळ्याला कधी जायचे?"

रबाळ्याला माझी आत्या असते. माझ्या मुलांची ती आत्याआजी. मुंबई एवढी जवळ. पण मुलांना ना राणीच्या बागेचे कौतुक, ना चौपाटीचे. त्यांना हवा असतो तो आत्याआजीच्या गाडीवरचा भजीपाव. भजी काय, आमच्या गावच्या बाजारातही मिळतात. तेवढ्यासाठी रात्रभर गाडीत बसून जायचे म्हणजे लोक हसतील. पण वाचकहो, या भजीपावाची एक हकिकत आहे. ती सांगितल्यावर आपण हसणार नाही अशी खात्री वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

पिशवीत काय काय?

निघण्याच्या आठ दिवस आधी आत्याचा फोन येतो. ख्यालीखुशाली दोन वाक्यांत संपते आणि मग यादी सुरू होते. "ज्वारीचं पीठ आण. हिकडच्या पिठाला चव न्हाई. शेंगदाण्याची चटणी आण, पण खलबत्त्यात कुटलेली. मिक्सरची नगं. आन धपाटे आण, दोन दिवस पुरतील एवढे." मुलांची आई रात्र जागून धपाटे करते. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, तीळ, लसूण, तिखट आणि कोथिंबीर घालून ओल्या फडक्यावर थापलेले धपाटे प्रवासात बिघडत नाहीत. एका डब्यात येसराची पूड असते. आत्या तो डबा हातात घेते, झाकण उघडून आधी वास घेते आणि मगच आम्हाला "बसा" म्हणते.

यंदाही देवगिरी एक्सप्रेसने निघालो. पहाटे ठाण्याला उतरलो आणि जिना चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर आलो. येथून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकल सुटतात. ही ट्रान्स-हार्बर लाईन २००४ साली सुरू झाली. त्याआधी ठाण्याहून बस पकडून ठाणे-बेलापूर रस्त्याने धक्के खात रबाळ्याला जावे लागे. आता ठाणे सोडले की दिघा गाव, मग ऐरोली आणि मग रबाळे. दिघा गावचे स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झाले. त्यामुळे मुलांचा स्टेशने मोजण्याचा हिशेब चुकला आणि ती एक स्टेशन आधीच दाराशी जाऊन उभी राहिली.

रबाळ्याला उतरले की एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे एम.आय.डी.सी.चे कारखाने आणि त्यांच्या मागे पारसिकचा डोंगर. दुसऱ्या बाजूला रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली ही जुनी गावे, त्यांच्यात मिसळलेल्या सिडकोच्या इमारती आणि शेवटी ठाण्याची खाडी. ही मूळची आगरी-कोळ्यांची गावे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर जगलेली. १९६२ साली एम.आय.डी.सी. स्थापन झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले. १९७० साली सिडको आली. गावकऱ्यांची जमीन गेली आणि त्या जमिनीवर सगळ्या महाराष्ट्राची, सगळ्या देशाची माणसे पोटासाठी येऊन राहिली. आमची आत्या त्यांतलीच एक.

दुष्काळाने आणलेली माणसे

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातली म्हातारी माणसे अजून विसरलेली नाहीत. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून फोडून हाताची कातडी गेली होती, असे आत्या सांगते. दुसऱ्या वर्षी आत्या आणि मामा (आत्याचे मालक, त्यांना आम्ही मामाच म्हणतो) एका बोचक्यात संसार बांधून इकडे आले. पारसिकच्या डोंगराला दगडाच्या खाणी होत्या. दुष्काळात खडी फोडायला शिकलेल्या हातांना येथेही खडीच फोडायला मिळाली. पुढे मामांना एका कारखान्यात हेल्परची नोकरी लागली. खाणीजवळच्या झोपडीचे हळूहळू पत्र्याचे आणि मग विटांचे घर झाले.

मी पहिल्यांदा रबाळ्याला आलो तो १९८५ साली, अकरा वर्षांचा असताना. वडिलांनी मला सुट्टीत आत्याकडे पोहोचवले. पहिल्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मामा पहिली पाळी संपवून गेटबाहेर आले. आत्याने मला त्यांना आणायला धाडले होते. गेटसमोर एक वडापावची गाडी होती. भोंगा वाजला आणि बघता बघता त्या गाडीभोवती शे-दीडशे माणसे जमली. मामा म्हणाले, "चल, वडा खाऊ."

आता आमच्या गावची रीत सांगतो. गावच्या एस.टी. थांब्यावर एक हॉटेल होते. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर पत्रा. आमच्या लोकांच्या कपबशा मागच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या असत. त्या आपणच घ्यायच्या, चहा वरून ओतून घ्यायचा, बाहेर उकिडवे बसून प्यायचा आणि कप आपणच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. भजी घेतली तर ती हातात मिळत नसत. कागद जमिनीवर पसरायचा, त्यावर ती वरून टाकली जात. घटना लागू होऊन तोवर पस्तीस वर्षे झाली होती. दुकाने आणि उपाहारगृहे जातीचा भेद न करता सर्वांना खुली असतील, असे त्या घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात लिहिलेले आहे. आमच्या गावच्या हॉटेलापर्यंत ते कलम पोहोचले नव्हते.

तर मी रबाळ्यातल्या त्या गाडीपासून चार पावले दूर थांबलो आणि वडिलांनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. गाडीवाल्याने कागदात वडापाव धरून हात लांब केला. मी पुढे जाईना, तो वरून टाकीना. शेवटी तो म्हणाला, "घे की रे पोरा, हात भाजतोय माझा." मामांच्या सगळे लक्षात आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकलले आणि हळूच म्हणाले, "हितं लायनीत नंबर असतो. दुसरं काय नसतं."

मी तो वडापाव घेतला. गाडीवाल्याची बोटे माझ्या बोटांना लागली. तिखटाने नाका-डोळ्यांतून पाणी आले. आजूबाजूला काळ्या हातांची, तेलाच्या वासाची माणसे उभी होती. कोणी कोकणातला, कोणी साताऱ्याचा, कोणी उत्तर प्रदेशचा. सगळे एकाच बादलीतून एकाच पेल्याने पाणी पीत होते. मीही प्यालो. त्यानंतर मी मोठ्या हॉटेलांतून जेवलो असेन, पण तशी चव पुन्हा आली नाही.

रबाळ्यात जात नव्हती असे मात्र कोणी समजू नये. भाड्याने खोली शोधताना आडनाव विचारले जाई, नळावरच्या भांडणात जातही निघे. पण पाळी सुटल्यावर, पोटात आग पडलेली असताना, कढईभोवती कोणाला आडनाव विचारायला सवड नव्हती, एवढे खरे.

पावाची थोडी जुनी गोष्ट

पुढे शिक्षक झाल्यावर वाचनात आले, की हा साधा पाव आपल्याकडे किती वादाचा पदार्थ होता. पाव पोर्तुगीजांनी आणला. तो खाल्ला की माणूस बाटला असे मानीत. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा नावाची गुप्त मंडळी स्थापन झाली. जातिभेद मोडू पाहणारे सुशिक्षित लोक तिच्यात होते. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, ही तेथील परीक्षा. पण हे सारे दारे बंद करून. नावे बाहेर फुटल्यावर सभाच मोडली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्या. रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मोठी माणसे चहाला गेली, तर केवढा गहजब झाला! ग्रामण्य झाले आणि रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले.

याच्या उलट उदाहरण राजर्षी शाहू महाराजांचे. गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तेथे थांबून, चारचौघांच्या देखत चहा घेतला. राजा चहा पितो म्हटल्यावर बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो प्यावा लागला. बंद दाराआडचा पाव आणि भर रस्त्यावरचा चहा यांत हाच फरक आहे.

वडापाव मुंबईत रुजला तो गिरणी-कारखान्यांच्या काळात. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असे सांगतात. बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातून आलेली, पाव पोर्तुगीजांचा, बेसन आपल्या हरभऱ्याचे. म्हणजे मुळातच बाहेरून आलेल्यांची ही पंगत. कष्टकऱ्याला उभ्या उभ्या, एका हाताने, पाच मिनिटांत आणि कमी पैशांत खाता येणारे ते जेवण. ताट नको, पाट नको. ताट-पाट नाही म्हटल्यावर कोणी कुठे बसायचे हा प्रश्नही उरत नाही.

आत्याची गाडी

आता मूळ हकिकतीकडे येतो. १९९६ साली मामांचा कारखाना बंद पडला. त्या काळात या पट्ट्यातले बरेच कारखाने असे एकामागून एक बंद होत होते. हिशेबाचे पैसे अडकले. घरात तीन मुले शिकत होती. मामा दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एके दिवशी आत्याने हातातल्या चांदीच्या पाटल्या मोडल्या आणि जुनी हातगाडी, कढई, झारा आणि स्टोव्ह घेऊन आली. बंद कारखान्यापासून थोड्या अंतरावर दुसऱ्या एका चालू कारखान्याचे गेट होते. तेथे भजीपाव लावायचा तिने ठरवला.

गाडी निळ्या रंगाने रंगवली. आत्याने दर्शनी बाजूला, कढईच्या वर, बाबासाहेबांचा फोटो लावला. तेव्हा शेजारचे लोक समजवायला आले. त्यांत आपलीच माणसे अधिक होती. "ताई, धंदा आहे. फोटो घरात लावा. गाडीवर लावला की गिऱ्हाईक ओळखतं. मग कोण खाईल?" मामांनाही ते पटले. त्यांनी रात्री फोटो काढून ठेवला. सकाळी आत्याने तो पुन्हा लावला आणि म्हणाली, "गावात कप लपवून ठेवायचे, हितं फोटो लपवायचा. मग आलो कशाला?"

पहिल्या दिवशी आत्याने दोन किलो बेसन भिजवले. सातच्या पाळीची माणसे साडेसहापासून येऊ लागली. काही थांबली, काही फोटोकडे पाहून पुढच्या गाडीवर गेली. एकाने विचारले, "बाई, गाव कोणतं?" गाव विचारण्याचा अर्थ आत्याला कळत होता. तिने गाव सांगितले, जिल्हा सांगितला आणि त्याने न विचारलेले आडनावही सांगितले. तो गप्प बसला. भजी न घेता निघून गेला. दुपारपर्यंत अर्धे पीठ उरले. त्या रात्री घरात सगळ्यांनी भजीच जेवली.

तीन आठवडे असेच गेले. मग पावसाळा लागला. एका दुपारी तीनला धो धो पाऊस कोसळत होता, दुसऱ्या गाड्या लागल्याच नव्हत्या. आत्याने प्लॅस्टिकचा कागद बांधून स्टोव्ह पेटवला. तो गाव विचारणारा माणूस भिजत आला, छपराखाली उभा राहिला. कढईतून कांद्याचा वास येत होता. त्याने एक प्लेट घेतली, मग दुसरी घेतली. तिखट लागले म्हणून पाणी मागितले. आत्याने माठाकडे बोट केले. तो क्षणभर थांबला आणि मग पेला बुडवून प्यायला. जाताना म्हणाला, "बाई, उद्या चार प्लेटा बाजूला ठेवा. आमच्या खात्यातले येतील." तो माणूस निवृत्त होईपर्यंत, पुढची अकरा वर्षे, आत्याचा रोजचा गिऱ्हाईक होता. फोटोविषयी तो कधी बोलला नाही आणि आत्यानेही कधी विषय काढला नाही.

दोनदा गाडी उचलून नेली. दोन्ही वेळा ती सोडवून आणायला उसनवारी करावी लागली. २०१४ साली फेरीवाल्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. सर्वेक्षण केल्याशिवाय कोणाला हटवायचे नाही आणि विक्रीचा दाखला द्यायचा, असे त्यात आहे. आत्याच्या मोठ्या मुलाने तो कायदा छापून आणून गाडीच्या फळीखाली ठेवला होता. या गाडीवर तीन मुलांचे शिक्षण झाले. थोरला आता छोट्या गाळ्यात उपाहारगृह चालवतो, धाकटा वीज कंपनीत आहे, मुलगी परिचारिका आहे. गाळ्याच्या दाराशी ती निळी गाडी अजून उभी आहे. आत्या पंचाहत्तरीला आली, तरी दुपारी तीनला स्टुलावर येऊन बसते आणि पहिला घाणा स्वतः काढते.

सुट्टीतले आठ दिवस

रबाळ्यातली सकाळ इडलीवाल्याच्या भोंग्याने होते. सायकलवर मोठे पातेले बांधून तो पों-पों करीत गल्लीत शिरतो. मुले डबा घेऊन धावतात. चटणी पातळ असते, पण गरम इडलीबरोबर गोड लागते. मागून पाववाला येतो. संध्याकाळी स्टेशनबाहेर शेवपुरी, पाणीपुरी, उकडलेल्या शेंगा आणि अलीकडे चायनीज भेळ. कोबी आणि लाल सॉस घातलेली ती भेळ मला काही रुचत नाही. मुलांना मात्र ती भजीपावाच्या खालोखाल प्रिय.

आत्याच्या शेजारी एक आगरी काकू राहतात. दोघींची ओळख पाण्याच्या रांगेतली. काकू सकाळी तांदळाचे घावणे करून धाडतात. जाळीदार, मऊ, पांढरेशुभ्र. बरोबर सुक्या जवळ्याची चटणी. आम्ही मराठवाड्याची कोरड्या मुलखातली माणसे, मासळीची आम्हाला सवय नाही. पहिल्यांदा मुलांनी नाके मुरडली होती. आता काकूंच्या दाराशी जाऊन विचारतात, "आज जवळा आहे का?" काकू खाडीच्या जुन्या गोष्टी सांगतात. भरती ओसरली की चिखलात निवट्या पकडायला जायचे, टोपलीभर कोलंबी मिळायची. आता खाडी तेवढी देत नाही. बदल्यात आत्या त्यांना ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देते. काकूंना ज्वारीची भाकरी थापता येत नाही आणि आत्याला तांदळाची जमत नाही. तीस वर्षे दोघी एकमेकींच्या भाकरीला हसत आहेत.

एक दिवस आम्ही ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात गेलो. नवी मुंबई महानगरपालिकेने बांधलेले हे स्मारक रबाळ्याहून अगदी जवळ आहे. तेथील ग्रंथालयात मुलांनी दोन तास काढले. रबाळ्याला येणाऱ्यांनी ते चुकवू नये. परत येताना मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या जेवणावर कोणी पुस्तक लिहिलंय का?" मी तिला शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाविषयी सांगितले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजत होते, ते का शिजत होते, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. आत्याला त्यातले पदार्थ वाचून दाखवले, तर ती प्रत्येकाला मान हलवीत होती. मग म्हणाली, "पोटाला नव्हतं म्हणून खाल्लं. त्याची लाज न्हाई. पर पोरास्नी पुन्ना तसं खायची येळ येऊ नये."

आत्याची कृती

वाचक भगिनींसाठी आत्याच्या कांदाभज्यांची कृती देतो. कांदे उभे, पातळ चिरायचे, त्यांना मीठ चोळून पंधरा मिनिटे ठेवायचे. कांद्याला पाणी सुटते. त्या पाण्यातच मावेल तेवढे बेसन घालायचे, वरून पाणी घालायचे नाही. चार मुठी बेसनाला एक मूठ तांदळाची पिठी. ही पिठी काकूंची शिकवण. तिने भजी कुरकुरीत राहतात. हातावर चोळलेला ओवा, हळद, तिखट, कोथिंबीर आणि चमचाभर कडकडीत तेल घालायचे. मध्यम आचेवर तळायचे. शेवटी कढईत चार हिरव्या मिरच्या, पोटाला चीर देऊन, सोडायच्या आणि वर मीठ भुरभुरायचे. चटणीला लसूण, भाजलेले शेंगदाणे, सुके खोबरे आणि लाल तिखट एकत्र कुटायचे. पाव आधी कापून त्याला आतून ही चटणी लावायची आणि भजी गरम असतानाच दाबायची. कढईत खाली राहिलेला पिठाचा कुरकुरीत चुरा फेकू नये. आत्याकडे तो लहान मुलांचा हक्क आहे, त्याचे पैसे लागत नाहीत.

परतीचा चहा

निघायच्या दिवशी दुपारी तीनला मी गाळ्यावर उभा होतो. पाळी सुटली. आता पूर्वीएवढी गर्दी नसते. कारखान्यांच्या काही जागांवर काचेच्या इमारती आल्या आहेत आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुले येतात. पण रांग अजून लागते. माझी धाकटी रांगेत उभी होती. घरचीच असून आत्याआजी तिला आधी देत नाही. नंबर आल्यावरच देते. तिचा नंबर आला. तिने हात पुढे केला, आत्याने कागद तिच्या हातावर ठेवला. मुलीने तोंड भाजून घेत पहिला घास घेतला आणि मैत्रिणीशी बोलत बाजूला गेली. तिला त्यात काहीच विशेष वाटले नाही. मी मात्र बघतच राहिलो. आत्यानेही माझ्याकडे पाहिले. १९८५ ची ओंजळ तिला मामांनी सांगितली होती. मामा आज नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या थांब्यावर उतरलो. ते कुडाचे हॉटेल आता सिमेंटचे झाले आहे. मालकाचा मुलगा चालवतो. त्याने "या गुरुजी" म्हणून चहा दिला. कागदी कपात. सगळ्यांनाच कागदी कप. कोनाडा कधीच बुजवला आहे. मी चहा घेतला, कप टोपलीत टाकला. मनात आले, भेद गेला की कपबशीच गेली? याचे उत्तर मला तेथे बसून देता आले नाही. मालकाच्या मुलाला माझ्या घरी चहाला बोलावले आहे. आमच्या घरी कागदी कप नाहीत, स्टीलचे आहेत. तो येतो म्हणाला आहे. आल्यावर कळवीन.

तोवर वाचकांपैकी कोणी ठाण्याहून वाशी-पनवेलच्या लोकलने जात असेल, तर दुपारी तीनच्या सुमारास रबाळ्याला उतरावे. निळी गाडी दिसेल, वर फोटो दिसेल. स्टुलावर एक म्हातारी बसलेली असेल. तिला जय भीम म्हणा आणि रांगेत उभे राहा. ओळख सांगून आधी मागू नका, मिळणार नाही.